इंकस्केपमध्ये पानामागचा रंग बिघडला? सोप्यापासून अवघडापर्यंत तपासणी

"कॅनव्हास बिघडलाय, जरा बघता का?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पत्रिका, बॅनर, स्टिकर, टी-शर्टची डिझाइनं करणारी ओळखीची मंडळी आहेत. बरेचसे कोरलड्रॉवरून इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरवर आलेले, त्यामुळे पान म्हणजे पांढरंच असणार हे डोक्यात पक्कं. बिघडलंय म्हणजे नेमकं काय झालंय, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. म्हणून आधी लक्षणं लिहितो. तुमचं कोणतं ते बघा.

- पान पांढरं होतं, आता त्याजागी बुद्धिबळाच्या पटासारखे राखाडी-पांढरे चौकोन दिसतात.
- पान काळं किंवा गडद झालंय, काळी अक्षरं त्यात बुडाली.
- पडद्यावर मागे स्वच्छ पांढरं, पण पीएनजी (पाठवायची चित्र-फाइल) काढली की मागे काहीच नाही. व्हॉट्सॲपवर पाठवली तर काळं.
- याच्या उलट : मागे काहीच नको होतं, पण छापून आलं तेव्हा लोगोभोवती पांढरा चौकोन.
- पानाची कडच दिसत नाही. पान कुठे संपतं ते कळत नाही.
- भरलेले सगळे रंग गायब, नुसत्या रेघा.
- पांढरा रंग पिवळट दिसतो.
- दोन आकार एकमेकांना चिकटवलेत, तरी सांध्यात केसाएवढी फट दिसते.

यातली जवळजवळ सगळी दुखणी एका गैरसमजातून येतात. इंकस्केपमध्ये पडद्यावर मागे जे दिसतं ते चित्राचा भाग नसतं. काचेवर रंगवलेलं चित्र डोळ्यांसमोर आणा. काचेखाली पांढरा कागद ठेवला की चित्र पांढऱ्यावर दिसतं, काळा ठेवला की काळ्यावर. गिऱ्हाइकाला काच दिली की कागद आपल्याच टेबलावर राहतो. इंकस्केपचं 'पान' म्हणजे तो कागद, आणि पानाबाहेर जे पसरलेलं दिसतं ते टेबल. काचेवर रंग हवा असेल तर तो काचेवरच लावावा लागतो. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या अर्ध्या तपासण्या तुमच्या तुम्हीच कराल.

हात लावण्याआधी तीन प्रश्न

नवी कोरी फाइल उघडा. तिच्यात सगळं ठीक दिसतंय का? दिसत असेल तर दोष त्या एका फाइलच्या सेटिंगमध्ये आहे. पान, टेबल आणि कड यांचे रंग इंकस्केप फाइलच्या आतच साठवतं. म्हणूनच दुसऱ्या कोणी गडद पानावर काम करून पाठवलेली फाइल तुमच्याकडेही गडदच उघडते. तुमचं मशीन बिघडलेलं नसतं.

नवी फाइलही तशीच येत असेल तर दोष सुरुवातीच्या नमुन्यात म्हणजे टेम्प्लेटमध्ये किंवा पसंतीच्या सेटिंगमध्ये आहे.

आणि ब्राउझरमधलं पांढरं पानही तसंच पिवळट किंवा डागाळ दिसत असेल, तर इंकस्केपला सोडा. दोष पडद्याचा आहे.

या तीन उत्तरांवर कुठल्या तपासणीपासून सुरुवात करायची ते ठरतं. मी फोनवर सगळ्यात आधी हेच विचारतो. कित्येकदा फोन तिथेच संपतो.

१. पिवळट पांढरा : नाइट लाइट

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. विंडोजमध्ये 'नाइट लाइट' नावाची सोय असते, संध्याकाळ झाली की ती पडदा पिवळसर करते. कोणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेली असते आणि सगळे विसरलेले असतात. "सकाळी बरं दिसतं, संध्याकाळी बिघडतं" अशी तक्रार आली की मी दुसरं काही विचारतच नाही.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर बघा. तिथे पांढरं दिसलं तर नाइट लाइट किंवा मॉनिटर. तिथेही पिवळं दिसलं तर रंग सॉफ्टवेअरमधूनच पिवळा निघतोय. तसं असेल तर व्ह्यू मेनूत 'कलर मॅनेजमेंट'ची खूण काढून बघा. मॉनिटरसाठी चुकीची रंग-प्रोफाइल लागलेली असली की पांढऱ्यावरही छटा चढते.

२. नुसत्या रेघा : डिस्प्ले मोड

अंकांच्या पॅडवरचा ५ कंट्रोलबरोबर दाबला गेला की इंकस्केप एका डिस्प्ले मोडमधून दुसऱ्यात जातं. कंट्रोल धरून काहीतरी भलतंच दाबायला गेलेला अंगठा तिथे पडतो आणि सगळे रंग उडतात. घाबरू नका, रंग फाइलमध्ये जागच्या जागी आहेत. खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे 'आउटलाइन' असं लिहून आलेलं असतं, पण ती पट्टी कोण वाचतं? व्ह्यू मेनूत 'डिस्प्ले मोड'मध्ये जाऊन 'नॉर्मल' निवडा.

सगळं काळं-पांढरं झालं असेल तर तो वेगळा मोड, 'ग्रेस्केल'. तोही व्ह्यू मेनूतच सापडेल.

ही तपासणी इतक्या वर ठेवली याला कारण आहे. लोक रंग गेले म्हणून एकेका आकारात पुन्हा रंग भरायला घेतात. एका बाईंनी अख्ख्या लग्नपत्रिकेची नक्षी पुन्हा रंगवायला घेतली होती. अर्धी झाल्यावर फोन केला. आउटलाइन मोडमध्ये रंग भरलेला दिसतच नाही, म्हणून त्यांनी एकेका पाकळीला तीन-तीनदा रंग दिला होता.

३. पान हरवलं : झूम

कर्सर अक्षरांच्या टूलमध्ये नसताना नुसता ५ दाबा. अख्खं पान खिडकीत मावतं. ४ दाबला तर अख्खं चित्र मावतं. पान आणि चित्र यांच्यात फार अंतर दिसलं, तर चित्र पानाबाहेर काढलं गेलंय. अशा वेळी सगळं निवडून कंट्रोल+शिफ्ट+आर दाबा, पान चित्राच्या मापाचं होतं. पण छपाईसाठी ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचं माप ठरलेलं असेल तर हे करू नका. तिथे चित्र उचलून पानावर आणायचं.

४. पान, टेबल, कड : डॉक्युमेंट प्रॉपर्टीज

आता खरी जागा. कंट्रोल+शिफ्ट+डी, किंवा फाइल मेनूत 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'.

इथे आवृत्तीचा घोळ आहे, तो आधी सांगतो. १.१ पर्यंत मागचा रंग एकच होता. पान आणि पानाबाहेरचं सगळं एकाच रंगाचं. २०२२च्या मे महिन्यात आलेल्या १.२ पासून पानाचा आणि टेबलाचा रंग वेगळा झाला. जुन्या व्हिडिओत दाखवलेलं बटण तुमच्याकडे सापडत नाही ते यामुळे. मदत मेनूत आवृत्ती बघून घ्या आणि मगच कोणाचा सल्ला ऐका. माझाही.

काय काय बघायचं :

'चेकरबोर्ड' अशी खूण आहे. ती असली की चौकोन दिसतात. काढली की गेले. ज्यांना फक्त याचसाठी इथे यावं लागलं त्यांनी इथेच थांबावं.

पानाचा रंग. गडद असेल तर रंगाच्या चौकोनावर क्लिक करून पांढरा करा. टेबलाचा रंग पानासारखाच झाला असेल तर पान कुठे संपतं ते कळणार नाही. टेबल हलका राखाडी ठेवलं की डोळ्यांना बरं. कडेची खूण काढलेली असेल तर ती घाला. 'बॉर्डर ऑन टॉप' ही खूणही असू द्या. नाहीतर पानापेक्षा मोठा आकार मागे ठेवला की कड त्याच्याखाली झाकली जाते आणि परत "पान हरवलं".

नव्या आवृत्त्यांत पानाबाहेरचं झाकून टाकणारी 'क्लिप टू पेज' अशीही खूण आहे. पानाबाहेर ठेवलेले तुकडे अचानक दिसेनासे झाले तर ती बघा. मी कच्चं सामान नेहमी पानाच्या उजवीकडे रचून ठेवतो. एकदा ही खूण चुकून पडली आणि मी अर्धा तास ते सामान शोधत होतो.

एक खुलासा. गडद थीम लावली म्हणजे पान गडद होतं असं बरेच जण समजतात. तसं नाही. थीम मेनू आणि पट्ट्यांचा रंग बदलते, पानाचा नाही. थीम बदलून पान पांढरं करायला जाऊ नका.

५. पडद्यावर पांढरं, एक्सपोर्टमध्ये गायब

सगळ्यात जास्त भांडणं या एका गोष्टीवरून होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पानाच्या रंगाला पारदर्शकताही असते. नेहमीच्या नव्या फाइलमध्ये पान पांढरं, पण पूर्ण पारदर्शक असतं. चेकरबोर्ड बंद असताना इंकस्केप काम करताना ही पारदर्शकता दाखवत नाही. तुम्हाला ठोस पांढरं दिसतं. पीएनजी काढताना मात्र ती पाळली जाते. म्हणून पडदा एक सांगतो आणि फाइल दुसरंच. यात काही बिघाड नाही, पण हे माहीत नसलेल्याला तो बिघाडच वाटणार.

खरं काय आहे ते बघायचं असेल तर एक्सपोर्ट करण्याआधी चेकरबोर्डची खूण क्षणभर घाला. मागे चौकोन दिसले तर पीएनजी पारदर्शक निघणार. पांढरं दिसलं तर पांढरी.

पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर पानाचा रंग निवडताना अपारदर्शकतेची (अल्फा) पट्टी पूर्ण शंभरावर न्या. नव्या आवृत्त्यांत एक्सपोर्टच्या खिडकीतही मागच्या रंगाचा एक चौकोन असतो, तोही तपासा. पण हा उपाय तात्पुरता. फाइल दुसऱ्याकडे गेली, ब्राउझरमध्ये उघडली, की पानाचा रंग गेला. पानाचा रंग ही इंकस्केपची स्वतःची नोंद आहे, एसव्हीजीच्या (इंकस्केप ज्या प्रकारात फाइल साठवतं त्या) चित्राचा भाग नाही. ब्राउझर ती वाचतच नाही.

कायमचा उपाय एकच : काचेवर रंग लावा. आर दाबून पानाएवढा चौकोन काढा, एक्स आणि वाय शून्यावर, रुंदी-उंची पानाएवढी. बाहेरची रेघ काढून टाका, नाहीतर तिची अर्धी जाडी पानाबाहेर जाते. एंड कळ दाबली की चौकोन त्याच्या लेयरमध्ये (चित्राच्या थरात) सगळ्यात खाली जातो. मग कंट्रोल+शिफ्ट+एलने लेयरची खिडकी उघडून तो वेगळ्या, तळाच्या लेयरवर ठेवा आणि लेयरला कुलूप लावा. कुलूप न लावल्यास दर क्लिकला चौकोनच हातात येईल आणि तुम्ही वैतागून तो काढून टाकाल. छपाईला जाणाऱ्या कामात तो चौकोन चारही बाजूंनी पानाबाहेर थोडा वाढवा. कापताना पातं सरकलं तरी पांढरी कड राहत नाही. किती वाढवायचा ते प्रेसवाल्याला विचारा. ३ मिलिमीटर बऱ्याच ठिकाणी चालतं.

चौकोन ठेवूनही पीएनजीत रंग आला नाही? एक्सपोर्टच्या खिडकीत फक्त निवडलेलंच काढायची खूण बघा. ती असली आणि तुम्ही फक्त लोगो निवडलेला असला तर मागचा चौकोन वगळला जातो.

आणि व्हॉट्सॲपचं : पारदर्शक पीएनजी फोटो म्हणून पाठवली की ती जेपीजी होते. जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही. म्हणून मागे काळं किंवा पांढरं येतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकराला "लोगो काळा आला" असा मेसेज येतो.

६. नको असलेला पांढरा चौकोन

एका मंडळाचे काळे टी-शर्ट छापून आले तेव्हा प्रत्येकाच्या छातीवर पांढरा डबा होता आणि डब्यात लोगो. पांढऱ्या पानावर पांढरा चौकोन कोणालाच दिसला नव्हता. त्या दिवसापासून छपाईला फाइल देण्याआधी मी पानाचा रंग भडक गुलाबी करतो. पांढरं जे काही लपलेलं असेल ते लगेच वर येतं. हौस म्हणून करा, पण कराच.

चौकोन सापडला की निवडून उडवा. निवडला जात नसेल तर तो दुसऱ्या कुलूपबंद लेयरवर किंवा गटाच्या आत आहे. लेयरच्या खिडकीतून शोधा, किंवा आउटलाइन मोड लावा. तिथे त्याची कड नक्की दिसते.

हा चौकोन येतो कुठून? बहुधा तीन ठिकाणांहून. पीडीएफ आयात केली की तिच्यातला पानाएवढा पांढरा आकार बरोबर येतो. 'ट्रेस बिटमॅप' (फोटोवरून आकार बनवणं) करताना अनेक रंगांच्या पद्धतीत 'रिमूव्ह बॅकग्राउंड'ची खूण घातली नाही की मागचा पांढराही एक आकार होऊन बसतो. आणि तिसरं, आत चिकटवलेला जेपीजी फोटो. या शेवटच्याला इंकस्केपमध्ये नीट इलाज नाही. पांढरा त्या फोटोच्याच ठिपक्यांत आहे, तो गिंपसारख्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये खोडून परत आणावा लागतो.

७. सांध्यातली केसाएवढी फट

दोन आकारांच्या कडा अगदी एकाच रेषेवर असल्या की दोन्ही कडा गुळगुळीत करताना मधल्या ठिपक्यांत मागचा रंग थोडा डोकावतो. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये 'अँटीअलायस'ची खूण काढून बघा. फट गेली तर रेखाटन बरोबर आहे, दोष दाखवण्यातला आहे. खूण परत घाला, नाहीतर सगळ्या कडा दातेरी दिसतील. मग खालचा आकार वरच्याखाली थोडा सरकवा. चार केसांएवढा शिरला तरी पुरतो.

८. प्रत्येक नवी फाइल बिघडलेली

१.१ पासून इंकस्केप पहिल्यांदा उघडलं की स्वागताची खिडकी येते, आणि तिथे कॅनव्हास कसा हवा ते विचारलं जातं. घाईत चौकोनांचं निवडलं की पुढे प्रत्येक नवी फाइल तशीच. ती खिडकी परत आणायला एडिट मेनूतल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये (कंट्रोल+शिफ्ट+पी) इंटरफेस, मग विंडोज इथे जा, स्वागताच्या खिडकीची खूण घाला, इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. नव्या फाइलमध्ये पान, टेबल, कड, माप सगळं मनासारखं लावा, मग फाइल मेनूत 'सेव्ह टेम्प्लेट' निवडा आणि 'डिफॉल्ट' करायची खूण घाला. जुन्या फाइलींवर याचा परिणाम होत नाही. त्या आपापले रंग घेऊनच उघडतात.

यानेही जमलं नाही तर प्रेफरन्सेसमध्ये 'सिस्टिम' या भागात 'रीसेट प्रेफरन्सेस' आहे. तो दाबण्याआधी विचार करा. तुम्ही बदललेलं सगळंच मूळपदावर जातं. त्याच पानावर तुमच्या सेटिंगच्या फाइलचा पत्ता असतो. आधी तिची प्रत काढून ठेवा.

९. फाइलच्या आत डोकावणं

इथपर्यंत फारच कमी जणांना यावं लागतं. फाइलची प्रत काढा. मूळ फाइलवर हे करू नका.

कंट्रोल+शिफ्ट+एक्स दाबलं की एक्सएमएल एडिटर, म्हणजे फाइलच्या आतला मजकूर दाखवणारी खिडकी, उघडते. डाव्या यादीत 'नेमड्‌व्ह्यू' नावाची ओळ असते. तिच्यात पानाचा रंग, पानाची अपारदर्शकता, चेकरबोर्ड, टेबलाचा रंग असं सगळं एकेका ओळीत लिहिलेलं सापडतं. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये बदलूनही रंग टिकत नसेल तर इथे बदला.

याच यादीतली सगळ्यात वरची ओळही बघा. वेबसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या काही फाइलींत तिथे 'स्टाइल'मध्ये मागचा रंग लिहिलेला असतो. ब्राउझर तो दाखवतो, इंकस्केप दाखवत नाही. "क्रोममध्ये काळं, इंकस्केपमध्ये पांढरं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. तो तुकडा काढा आणि हवा असलेला रंग तळाच्या चौकोनाने द्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चित्र सरकवताना काळे तुकडे मागे राहतात, पडद्यावर पट्ट्या येतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच होतं : ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. अपडेट एकदा करून बघा. तरी राहिलं तर संगणक दुरुस्तीवाल्याकडे न्या. इंकस्केप काढून परत टाकत बसू नका, त्याने काही होत नाही. सेटिंगची फाइल बहुधा तशीच राहते आणि जुनं दुखणं परत येतं.

एक्सएमएल एडिटरमध्ये बदल केल्यावर फाइल उघडेनाशी झाली तर प्रत पुन्हा उघडा. प्रत काढलीच नसेल तर फाइलवर आणखी प्रयोग न करता एसव्हीजी कोळून प्यायलेल्या माणसाकडे ती तशीच्या तशी द्या. एसव्हीजी ही साध्या मजकुराची फाइल असल्यामुळे जाणकाराच्या हाती ती बऱ्याचदा सुटते.

आणि छापील रंग. पडद्यावरचा पांढरा आणि फ्लेक्सवरचा पांढरा एक नसतात. फ्लेक्सवर पांढरी शाई नसते, दिसतो तो कापडाचा पांढरा. गडद टी-शर्ट किंवा पारदर्शक स्टिकरवर पांढरी शाई वेगळी मारावी लागते आणि तिचा थर कुठे हवा ते फाइलमध्ये कसं दाखवायचं, ते प्रत्येक छपाईवाल्याचं वेगळं असतं. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) निघते, त्यामुळे शाईच्या रंगांचं गणित घरी बसून सोडवता येत नाही. छपाईवाल्याला फाइल देताना दोन गोष्टी लिहून द्या : मागे पारदर्शक हवंय की पांढरं, आणि खाली कापड किंवा कागद कुठल्या रंगाचा आहे. मग एक नमुना छापून मागा. तो हातात आल्याशिवाय बाकीच्यांना हो म्हणू नका.